साउथ केन्सिंग्टनला जाण्याआधी

लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आई-वडिलांच्या पर्समध्ये हल्ली एक यादी असतेच. टॉवर ब्रिज, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर, ग्रिनिच, एक दिवस ऑक्सफर्ड. त्या यादीत खाली कुठेतरी ‘नॅचरल हिस्टरी म्युझियम’ असतं आणि पुढे लिहिलेलं असतं, ‘डायनोसॉर, नातवासाठी’. प्रवेश फुकट, ट्यूबचं स्टेशन जवळ, बाहेर पाऊस. मग दोन तास तिथे काढायचे आणि संध्याकाळी हॅरॉड्सच्या काचा पाहून घरी परतायचं, असा बेत ठरतो.

हा बेत मोडावा, म्हणून हा लेख. या संग्रहालयाकडे आठ कोटी नमुने आहेत आणि दालनांत मांडलेले आहेत ते त्यातला किरकोळ अंश. दोन तास सोडाच, दोन महिने रोज गेलात तरी ते ‘बघून होत’ नाही. तेव्हा जाण्याआधी घरी बसून ठरवायचं ते हे, की काय सोडून द्यायचं. आणि सोडताना माझ्या मते एकच कसोटी लावावी: इथल्या कोणत्या वस्तूचा धागा आपल्या जमिनीपर्यंत येतो? नागपूरजवळच्या दगडातला प्राणी, बोरघाटाच्या काळ्या खडकातले स्फटिक, खानदेशातलं घुबड, या सगळ्यांच्या गोष्टी या संग्रहालयातून जातात. त्या माहीत नसतील तर आपण तिथे फक्त गर्दीतले एक असतो. 2024 मध्ये ही गर्दी 63 लाखांची होती.

आधी दिवस कोणता, ते. ब्रिटिश शाळांना दर सत्राच्या मध्यावर आठवड्याची सुट्टी असते. फेब्रुवारीत, मेअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस. ऑक्टोबरची सुट्टी नेमकी आपल्या दिवाळीच्या आसपास येते आणि आपली मंडळीही मुलांना सुट्टी आहे म्हणून त्याच आठवड्यात निघतात. शक्य असेल तर तो आठवडा टाळा. शाळा चालू असताना, मधल्या वारी, सकाळी दहाला दार उघडतं तेव्हा तिथे असा. अकरानंतर शाळांच्या सहली आत आलेल्या असतात, चमकत्या पिवळ्या जाकिटांतली मुलं दोन-दोनच्या रांगेत चाललेली असतात आणि डायनोसॉरच्या दालनाबाहेर रांग लागलेली असते. दुपारी तीननंतर पुन्हा जरा श्वास घेता येतो. दार पाच पन्नासला बंद होतं, साडेपाचनंतर आत घेत नाहीत. 24 ते 26 डिसेंबर संग्रहालय बंद. प्रवेशाला पैसे नाहीत, तरी वेळेचं तिकीट आधी काढून ठेवावं, गर्दीच्या दिवशी त्याचा उपयोग होतो. मधल्या काळात, 1987 पासून 2001 च्या अखेरीपर्यंत, इथे प्रवेश शुल्क होतं. ते सरकारनं काढून टाकलं, हा मला त्या देशातल्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून एक लांब, फरशा बसवलेला भुयारी रस्ता थेट संग्रहालयांच्या बाजूला निघतो. पावसात तो वरदान आहे. पण गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी लक्षात ठेवावं, की पिकॅडिली लाइनच्या फलाटावरून वर यायला पायऱ्या चुकत नाहीत, त्यामुळे बसनं येणं बरं. भुयारातून वर आलात की 2024 साली नव्यानं उघडलेली बाग लागते. बहुतेक लोक ती ओलांडून दाराकडे पळतात. तुम्ही पळू नका. बागेतली वाट म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाची रेषा आहे. सुरुवातीला स्कॉटलंडहून आणलेला 270 कोटी वर्षांपूर्वीचा खडक, आणि पुढे एकेका मीटरला पन्नास लाख वर्षं. आजच्या टोकापासून साधारण तेरा मीटर मागे येऊन उभे राहा. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला आहे तो इथे, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, वाहत होता. रायगड, सिंहगड, अजिंठ्याची लेणी, मुंबईच्या चाळींच्या पायाखालचा पत्थर, सगळं या दोन पावलांत. नातवंडांना काही शिकवायचं असेल तर इथे शिकवावं. पुढे आत गेल्यावर त्यांना राक्षसी जबडे दिसतात आणि मग ती कुणाचं ऐकत नाहीत.

इमारतीला दोन दारं आहेत असं समजा. क्रॉमवेल रोडवरचं मुख्य दार आणि एक्झिबिशन रोडवरचं दुसरं. दुसऱ्या दारानं गेलं तर बहुधा रांग कमी. तिथे अमेरिकेत वायोमिंगमध्ये सापडलेला स्टेगोसॉरस उभा आहे, त्या जातीचा जगातला सर्वांत जास्त हाडं शाबूत असलेला सांगाडा. वर जाणारा सरकता जिना धातूच्या एका अवाढव्य पृथ्वीगोलाच्या पोटातून जातो, वरच्या मजल्यावर 1995 च्या कोबे भूकंपाचे धक्के अनुभवायला देणारं जपानी दुकान आहे. लहान मुलं बरोबर असतील तर या दारानं जावं, त्यांचा दिवस सार्थकी लागतो. पण मोठ्या माणसानं पहिल्यांदा तरी मुख्य दारानंच आत शिरावं. त्याला कारण आहे.

ते कारण म्हणजे रिचर्ड ओवेन. ‘डायनोसॉरिया’ हे नाव 1842 मध्ये ज्यानं छापलं तो हा माणूस. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविभागांचा तो प्रमुख होता आणि ब्लूम्सबरीतल्या जुन्या इमारतीत जागा पुरत नाही म्हणून त्यानं निसर्गासाठी स्वतंत्र इमारतीचा वर्षानुवर्षं आग्रह धरला. आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुविशारदानं ती बांधली, 1881 च्या एप्रिलमध्ये ती लोकांसाठी उघडली. आतून-बाहेरून भाजलेल्या मातीच्या फरशा आहेत, कारण कोळशाच्या धुरानं काळ्या झालेल्या लंडनमध्ये त्या धुऊन काढता येत. त्या फरशांवर कोरलेले प्राणी नीट पाहा. पश्चिमेच्या बाजूला आज जगणारे आणि पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले, अशी ओवेनची मांडणी होती. खांबांवर माकडं चढताहेत, खिडक्यांच्या कोपऱ्यात टेरोसॉर बसलेत. मधल्या दालनाला, म्हणजे हिंट्झ हॉलला, चर्चची कमान आहे, आणि ती मुद्दाम आहे. निर्मिती पाहून निर्मात्यापुढे माणसानं नतमस्तक व्हावं, असं ओवेनला वाटे. डार्विनचा सिद्धान्त त्याला आयुष्यभर मानवला नाही. आज मात्र जिन्याच्या मधोमध डार्विनचाच संगमरवरी पुतळा बसलेला आहे. तो मूळचा 1885 चा, 1927 मध्ये त्याला हलवून ओवेनचा पुतळा तिथे आणला होता, आणि डार्विनच्या द्विशताब्दीच्या निमित्तानं पुन्हा डार्विन आपल्या जागी आला.

आता ओवेन आणि नागपूर. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1840 च्या दशकात नागपुरात आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून हा माणूस आपल्या सहकाऱ्यासह, रॉबर्ट हंटरसह, आसपासचे खडक फोडत हिंडे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाच्या गावाजवळच्या खडकात एका उभयचर प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली. ती इंग्लंडला गेली आणि 1855 मध्ये ओवेननं तिचं वर्णन केलं, नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. डायनोसॉर येण्याआधीच्या काळातला, पाण्यात दबा धरून राहणारा प्राणी. म्हणजे ज्या इमारतीच्या कमानीखाली आपण मान वर करून उभे राहतो, ती उभारायला लावणाऱ्या माणसाच्या टेबलावर विदर्भातला एक दगड होता. हिस्लॉप 1863 मध्ये नागपूरजवळ टाकळघाटच्या शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याच वर्षी नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं, ज्याला आजही गावातले लोक अजब बंगला म्हणतात. हिंट्झ हॉलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही. हे आपण बरोबर घेऊन जायचं.

हॉलच्या छताला टांगलेला सांगाडा आहे निळ्या देवमाशाचा. 25.2 मीटर लांब. 1891 मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर ही मादी वाळूत रुतली आणि मेली, संग्रहालयानं तिची हाडं विकत घेतली. 2017 पासून ती इथे डोक्यावर सूर मारत असल्यासारखी लटकते, नाव ठेवलं आहे ‘होप’. त्याआधी या जागी डिप्लोडोकसचा प्लास्टरचा सांगाडा, ‘डिप्पी’, होता. वयस्क लंडनकर अजून त्याच्या आठवणी काढतात. मला बदल पटला. डिप्पी होता एक साचा. होप खरी हाडं आहेत, आणि माणसानं शिकार करून संपवत आणलेली, मग 1960 च्या दशकात बंदी घालून वाचवलेली ही जात आहे. खालून तिचं तोंड नीट दिसत नाही, म्हणून वरच्या सज्जात जा आणि तिच्या जबड्यासमोर उभे राहा. आकाराचा अंदाज तिथेच येतो.

सज्जातून आणखी वर गेलं की कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया वृक्षाचा आडवा छेद भिंतीला लावलेला आहे. सुमारे तेराशे वर्षं जगलेलं हे झाड 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं. वलयांवर जगाच्या इतिहासातली सालं दाखवलेली आहेत. त्यात आपली सालं नाहीत, ती आपण शोधावीत. बाहेरच्या सालीपासून आत मोजत गेलं की 1818 लवकर येतं, 1674 त्याच्या आत. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा या झाडाचं वय सातशेच्या पुढे होतं. आजी-आजोबांना आणि नातवंडांना एकत्र उभं करायला सगळ्या इमारतीत याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही.

खाली, पहिल्या मजल्यावर, कॅडोगन दालन आहे, ट्रेझर्स या नावाचं. छोटं, अंधारलेलं, आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं. वेळ खरोखरच तासाभराचा असेल तर सगळं सोडून इथे या. निवडक बावीस वस्तू आहेत, पैकी एकच पुरे: आर्किऑप्टेरिक्स. 1861 मध्ये जर्मनीत सोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेला, पंखांचे ठसे स्पष्ट उमटलेला, दात आणि हाडांची शेपटी असलेला प्राणी. तो संग्रहालयासाठी विकत घेण्यात पुढाकार ओवेनचाच होता. ज्या सिद्धान्ताला तो विरोध करत होता त्याचा एक मोठा पुरावा त्यानं स्वतःच पैसे मोजून लंडनला आणला. याच दालनात डोडोचा सांगाडा आहे, चंद्रावरचा दगड आहे आणि ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची पहिली आवृत्ती आहे.

डायनोसॉरांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथे कुणालाही ढकलावं लागत नाही. दालन निळ्या विभागात आहे, एकाच दिशेनं चालावं लागतं, शेवटी हलणारा, गुरगुरणारा टायरॅनोसॉरस आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो कधी कधी रडवतो. दहा वाजता आत शिरलात तर आधी इकडेच जा, बाकी सगळं नंतर. मुलांना सांगायची गोष्ट मात्र तिथल्या फलकांवर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला 1980 च्या दशकात एका लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरची हाडं निघाली. ती काढणारे शास्त्रज्ञ कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे, आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून 2003 मध्ये त्याचं नाव पडलं आयसीसॉरस. तो लाव्ह्याच्या काळातला, म्हणजे बाहेर बागेत आपण तेरा मीटरवर जिथे थांबलो होतो तिथला. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची शेणं दगड होऊन पडलेली सापडली आहेत. हे ऐकल्यावर आठ-दहा वर्षांची मुलं काय चेहरा करतात ते पाहण्यासारखं असतं.

खनिजांचं दालन, हिरव्या विभागाच्या वरच्या मजल्यावर, माझ्या लेखी या इमारतीतलं सर्वांत सुंदर दालन आहे. ते 1881 पासून फारसं बदललेलं नाही. ओकच्या लाकडाच्या, काचेची झाकणं असलेल्या पेट्यांच्या रांगाच रांगा, उंच खिडक्यांतून येणारा उजेड, गर्दी जवळपास नाहीच. खनिजं रासायनिक घटकांप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे सरळ सिलिकेटांच्या पेट्या गाठा आणि अपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट या नावांजवळ थांबा. ही दख्खनची खनिजं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून रेल्वे नेताना हजारो मजुरांनी डोंगर फोडला. त्यांतले कित्येक पटकीनं आणि अपघातांत तिथेच मेले. त्या फोडलेल्या दगडांतून निघालेले स्फटिक युरोपच्या संग्राहकांपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून जगभरच्या खनिज-संग्रहालयांत लेबलांवर ‘पूना’ हे नाव दिसू लागलं. आज नाशिक, जळगाव, औरंगाबादकडच्या दगडखाणींतून आणि विहिरी खोदताना ही खनिजं निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत कॅव्हॅन्साइट मिळतं, मोरपिशी निळं. त्याचा पहिला शोध अमेरिकेत ऑरेगॉनला लागला, तरी जगातले उत्तम नमुने वाघोलीचे, याबद्दल खनिजतज्ज्ञांत दुमत नाही. वाघोलीत आता इमारती उठल्या आहेत. तिथे फ्लॅट घेतलेल्या किती जणांना आपल्या गावाचं हे नाव ठाऊक असेल?

आणि आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तो पक्षी.

साउथ केन्सिंग्टनमधलं पक्ष्यांचं दालन जुनं आहे, पेंढा भरलेले पक्षी विटलेले आहेत. खरा संग्रह इथे नाहीच. तो 1970 च्या दशकात हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग या गावी हलवला गेला. तिथे पक्ष्यांची साडेसात लाखांच्या आसपास कातडी लाकडी-लोखंडी खणांत, पोट वर करून, पायाला चिठ्ठी बांधून ओळीनं ठेवलेली आहेत. चिठ्ठीवर कोणी, कुठे, कोणत्या दिवशी मारला ते लिहिलेलं असतं. भारतीय पक्ष्यांचा मोठा भाग अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा. काँग्रेसच्या स्थापनेतले ते ह्यूम. सरकारी नोकरी करत त्यांनी देशभरच्या मदतनिसांचं जाळं उभारून सिमल्याच्या घरात पक्ष्यांचा त्या काळचा आशियातला सर्वांत मोठा संग्रह केला. भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची त्यांची हस्तलिखितं नोकरानं रद्दी म्हणून बाजारात विकली. ह्यूम खचले. 1885 मध्ये त्यांनी सगळा संग्रह, कातडी आणि अंडी धरून सुमारे 82 हजार नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो न्यायला लंडनहून म्युझियमचे रिचर्ड बाउडलर शार्प स्वतः सिमल्याला आले आणि देवदाराच्या पेट्यांत भरून घेऊन गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत, गोकुळदास तेजपाल पाठशाळेत, काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

ह्यूम यांनी 1873 मध्ये एका लहानशा घुबडाला नाव दिलं होतं, ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमध्ये ते टिपलं होतं म्हणून त्याच्या नावानं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढे 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, त्याचे आणखी नमुने मिळवले. मग हा पक्षी दिसेनासा झाला. एकच नोंद उरली: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यानं 1914 मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला, तो मारल्याची. माइनर्ट्झहागन म्हणजे युद्धातला नामांकित अधिकारी, पक्षिशास्त्रातलं वजनदार नाव. त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवून लोकांनी पुढची कित्येक वर्षं रानपिंगळा शोधला आणि तो सापडला नाही. तो नामशेष झाला असावा असं मानलं जाऊ लागलं.

1990 च्या दशकात अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ट्रिंगमधले माइनर्ट्झहागनचे नमुने तपासायला घेतले. कातडं सोलण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते, आत कापूस भरण्याची असते, टाके घालण्याची असते. क्ष-किरणांखाली धरल्यावर मांडवीच्या रानपिंगळ्याच्या आत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा मिळाल्या. माइनर्ट्झहागननं संग्रहालयातूनच डेव्हिडसनचा नमुना चोरला होता, तो उसवून पुन्हा भरला होता आणि खोटी जागा, खोटी तारीख लिहून स्वतःच्या नावावर लावला होता. मांडवीला तो पक्षी कधी मिळालाच नव्हता. ती नोंद पुसल्यावर नकाशावर राहिल्या त्या फक्त जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या जागांवर फिरत शहाद्याजवळ पोचले, आणि 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवानात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर 113 वर्षांनी. पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात मिळाला. 2014 मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा अभयारण्यात दिसला.

संग्रहालयाच्या भेटीची योजना करताना ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, कारण मेलेले प्राणी खणांत भरून ठेवण्याचा उपयोग काय, असं आपल्याकडे सर्रास विचारलं जातं. एका मेलेल्या पक्ष्याच्या पोटातल्या कापसामुळे जिवंत पक्षी सापडला, आणि त्याचं जंगल वाचवायला कारण मिळालं. चिठ्ठी खरी असेल तर शंभर वर्षांनंतरही नमुना बोलतो, चिठ्ठी खोटी असेल तर एक जात शोधायची राहून जाते.

ट्रिंगला जायला लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून गाडी, साधारण चाळीस मिनिटं. स्टेशन गावापासून दूर आहे, पुढे बस किंवा टॅक्सी लागते. कोणत्या दिवशी उघडं आहे ते आधी पाहून घ्यावं. कातड्यांचा संग्रह अभ्यासकांनाच, परवानगी काढून पाहता येतो. पण त्याला लागून असलेलं वॉल्टर रॉथशील्ड यांचं संग्रहालय सर्वांना खुलं आहे, तेही फुकट. 1892 मध्ये उघडलेलं, जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या कपाटांत ठासून भरलेले प्राणी, मेक्सिकोतून आलेल्या कपडे घातलेल्या पिसवासुद्धा. लंडनच्या मुक्कामात दुसरा एक मोकळा दिवस असेल तर तो विंडसरऐवजी इथे घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं तिकडे कसं गेलं, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्सनं 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, नमुने लंडनला नेले. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1911 मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी सुरू केली ती खानदेशातूनच, आणि त्यातले मुख्य नमुने ब्रिटिश म्युझियमला गेले. हिंट्झ हॉलच्या छतावरच्या रंगवलेल्या वनस्पतींतही कापूस आणि चहा आहेत, म्हणजे साम्राज्याचं उत्पन्न. नमुने राज्यकर्त्यांच्या घरी जमले हे सरळ आहे, आणि ते मारणाऱ्या, सोलणाऱ्या, वाहून नेणाऱ्या शिकाऱ्यांची व आदिवासींची नावं चिठ्ठ्यांवर फारशी नाहीत, याचा मला राग येतो. पण ही गोष्ट फक्त साहेबांची आहे असं मानणंही चूक. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत ती सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोन मराठी डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन.

म्हणून लंडनचं तिकीट काढण्याआधी मुंबईत एक दिवस काढावा, हा माझा आग्रह आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, 1922 च्या जानेवारीत लोकांसाठी उघडलं, आणि त्यातला निसर्गविभाग याच सोसायटीच्या मदतीनं उभा राहिला. 1926 मध्ये तरुण सालिम अली तिथे लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगण्याच्या नोकरीवर होते. काचेमागे जंगल, झरा, घरटं उभं करून त्यात प्राणी मांडण्याची कला तिथे पाहता येते. ती नजर तयार करून गेलात की लंडनमध्ये डोळे आपोआप योग्य जागी थांबतात. नागपूरकरांनी अजब बंगला पाहून जावं. जन्मभर त्याच्यावरून जाऊन आत पाऊल न टाकलेले नागपूरकर बरेच आहेत.

आणि एक काम घरी बसूनच करायचं. लंडनच्या संग्रहालयानं आपल्या लाखो नमुन्यांच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या आहेत. त्यांच्या डेटा पोर्टलवर जाऊन आपला जिल्हा शोधा. नावं जुन्या इंग्रजी वळणानं टाकावी लागतात, म्हणजे पुण्यासाठी ‘पूना’, नाशिकसाठी ‘नासिक’, ठाण्यासाठी ‘थाना’, रायगडसाठी ‘कोलाबा’. कारवार-उत्तर कन्नडसाठी ‘कॅनरा’. एखादा बेडूक, एखादा चतुर, एखाद्या गवताची काडी निघते, गोळा करणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. आपल्या तालुक्यातली एक नोंद कागदावर उतरवून घ्या, मुलांना ती वाचून दाखवा, आणि त्या प्राण्याची किंवा वनस्पतीची जात दालनात कुठे मांडलेली आहे का, हे शोधण्याचं काम त्यांच्यावर सोपवा. डायनोसॉरच्या रांगेत अर्धा तास उभं राहावं लागलं तर तो कागद उपयोगी पडेल.